सर्टिफिकेट नाही, पोहे आहेत : परतवाड्यातले आमचे टेक-रविवार

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले खोकले, शंभरेक "म्हणजे" आणि मधेच वाजलेला एसटीचा हॉर्न काढून टाकलाय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

परतवाडा, अचलपूर, अंजनगाव, चांदूर बाजार, धारणी, आणि हो, वाकड-हिंजवडीत रूमवर पडून ऐकणारे आपले पोट्टे, सगळ्यांना नमस्कार. आज आपल्याकडे पाहुणा नाही, मीच बोलणार आहे. विषय आहे टेक इव्हेंट आणि त्यात फुकट राबणारी माणसं. आपल्यासारख्या गावात हे चालतं का, चालवायचं तर कसं, आणि कायले चालवायचं.

मी परतवाड्यात कॉम्प्युटर क्लास आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही काही जण एका वाचनालयाच्या खोलीत जमतो, अकरा ते दोन. या जमण्याला नाव नाही, लोगो नाही, बॅनर नाही. कधी बारा जण येतात, कधी तीस. एकदा पावसात चौघंच होतो, त्यातला एक पावसापासून वाचायला आत आलेला होता. तो नंतर दर महिन्याला यायला लागला, हे वेगळं.

मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न कोणता? "दादा, सर्टिफिकेट भेटते का?"

आता याच्यावर हसणारे लोक मला आवडत नाहीत. पुण्या-मुंबईचे काही वक्ते म्हणतात, मुलांना शिकायचं नसतं, कागद पाहिजे असतो. अरे भाऊ, जो पोरगा चांदूर बाजारहून एसटीचं तिकीट काढून येतो, त्याच्या घरी रविवारी संत्र्याच्या बागेत काम असते. तो घरी सांगणार काय? "शिकायला गेलो होतो" याला पुरावा लागतो. त्याच्या कॉलेजात ॲक्टिव्हिटीचे मार्क कागदावर भेटतात. त्यामुळे प्रश्न रास्त आहे. तरीही आम्ही सर्टिफिकेट देत नाही, आणि त्यामागं कारण आहे. त्यासाठी एक गोष्ट सांगतो. ही परतवाड्याची नाही, अख्ख्या जगाची आहे.

ऑक्टोबर महिन्यात हॅक्टोबरफेस्ट असतो, कोडिंग करणाऱ्यांना माहीत असेल. डिजिटलओशन नावाच्या कंपनीनं २०१४ साली तो सुरू केला. कल्पना छान होती. जगभरात लोक फुकट, मोकळं सॉफ्टवेअर बनवतात. त्यांच्या प्रकल्पात तुम्ही चार सुधारणा पाठवा, तुम्हाला टी-शर्ट. घरपोच. बरीच वर्षं ते बऱ्यापैकी चाललं. मग २०२० आलं. आपल्याच देशातल्या एका लोकप्रिय यूट्यूब चॅनेलवर दाखवलं गेलं की हे किती सोपं आहे. झालं! हजारो पोरांनी कोणाच्याही प्रकल्पात जाऊन माहितीच्या पानावर "अमेझिंग प्रोजेक्ट" एवढं लिहिलं आणि सुधारणा म्हणून पाठवून दिलं. समोर कोण होतं? नोकरी करून, पोरं झोपवून, रात्री अकराला लॅपटॉप उघडणारा एखादा माणूस, जो तो प्रकल्प फुकटात सांभाळतो. त्याच्यासमोर कचऱ्याचा ढीग. लोक इतके वैतागले की महिना सुरू होऊन तीन-चार दिवस झाले नाहीत तोच नियम बदलावा लागला : ज्या प्रकल्पाची स्वतःहून तयारी असेल तिथलंच काम धरायचं. पुढं २०२३ मध्ये टी-शर्टच बंद झाला, डिजिटल बिल्ला आला.

त्या पोरांना वाईट म्हणायचं नाहीये मला. टी-शर्ट ठेवला होता, त्यांनी टी-शर्टचं काम केलं. तुम्ही दाराशी जे टांगाल त्यासाठीच लोक येतील. आम्ही दाराशी पोहे टांगलेत. पोहे खाऊन माणूस तीन तास बसला तर बसला, गेला तर गेला. मात्र एक करतो. ज्यानं खरंच काम केलं असेल त्याला त्याच्या कामाची लिंक लिहून देतो. अमुक नकाशात अमुक रस्ता यानं काढला, पहा. एका पोरीनं ती लिंक कॉलेजच्या मॅडमला दाखवली आणि मॅडमनं मार्क दिले. सगळ्याच मॅडम देतील असं नाही.

आता थोडा मागचा काळ, कारण आपल्याकडच्या पोट्ट्यांना वाटतं की हे मीटअप-बिटअप परवा सुरू झालं.

१९९६ मध्ये घराघरात इंटरनेट नव्हतं. पीसीक्वेस्ट नावाच्या मासिकानं अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली. त्यामागं अतुल चिटणीस हा माणूस होता. ज्यांच्या घरी ती सीडी चालली, ते एकमेकांना शोधायला लागले, कारण ती चालली नाही तर विचारायचं कोणाला? गावोगावचे लिनक्स यूझर ग्रुप असेच सुरू झाले : कोणाचं तरी अडलं म्हणून. २००१ मध्ये बंगळुरात मोठा मेळा भरला, लिनक्स बंगलोर. पुढं तोच फॉस डॉट इन झाला आणि २०१२ पर्यंत चालला. पुण्यात पीएलयूजी, म्हणजे पुणे लिनक्स यूझर्स ग्रुप, आणि सिम्बायोसिसच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये भरणारं ग्नूनिफाय, जे बरंचसं तिथले विद्यार्थीच उभं करायचे. आता फॉस युनायटेडसारखी संस्था शहराशहरांत मीटअप घ्यायला मदत करते. मराठी विकिपीडिया २००३ च्या १ मे रोजी सुरू झाला, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर, आणि तोही फुकट लिहिणाऱ्यांच्या जिवावर आजपर्यंत चालू आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी पाहा. एक हॉल, एक चावीवाला माणूस, आणि दहा-बारा जण जे पुढच्या महिन्यातही त्याच गावात असतात. पहिल्या दोन गोष्टी परतवाड्यात भेटतात. तिसरीची बोंब आहे. बारावी झाली की पोट्टं अमरावतीला, पन्नासेक किलोमीटर. तिथून डिग्री झाली की पुणे. आमचा सगळ्यात जुना स्वयंसेवक दीड वर्षाचा आहे. म्हणजे वयानं नाही, कामानं.

हॅकॅथॉनबद्दल विचाराल तर माझं मत थोडं कडू आहे. स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन २०१७ पासून होते, आपल्या अमरावती-बडनेऱ्याच्या कॉलेजांतली मुलं जातात, नाव काढतात, चांगलंच आहे. छत्तीस तास जागून ॲप बनवायचा अनुभव मोठा असतो. पण मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यातल्या बहुतेकांचं ॲप सोमवारी मेलेलं होतं. शेतकऱ्यांसाठी संत्र्याच्या रोगाचं ॲप बनवलं, संत्र्याच्या बागेत एकही जण गेला नाही. वरूड-मोर्शी-अचलपूरच्या पट्ट्यात राहून! बक्षिसाचा चेक मात्र फ्रेम करून लावलाय. असो.

आमच्या रविवारी काय होतं ते सांगतो.

पहिलं मोठं काम नकाशाचं. ओपनस्ट्रीटमॅप ऐकलंय? २००४ मध्ये इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट यानं सुरू केला. विकिपीडियासारखा नकाशा, कोणीही भर घालू शकतो, आणि त्यातली माहिती कोणीही वापरू शकतो. तुमच्या फोनमधला रोजचा नकाशा कंपनीचा असतो. तुम्ही त्यात दुकान जोडलं तरी ती माहिती कंपनीच्या घरी जाते. हा सगळ्यांचा.

"मग काय झालं? आपला रस्ता तर आपल्याले माहीतच हाय," असं एकजण म्हणाला होता. बरोबर आहे. आपल्याला माहीत आहे. बाहेरून मदतीला येणाऱ्याला माहीत नाही. २०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीचाही धड नकाशा नव्हता. जगभरातल्या लोकांनी घरी बसून, उपग्रहाची चित्रं पाहून, काही दिवसांत रस्ते काढले आणि बचाव पथकांनी ते वापरले. नेपाळची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. काठमांडूत २०१३ पासून काठमांडू लिव्हिंग लॅब्स नावाची मंडळी शाळा, दवाखाने, गल्ल्या नकाशावर टाकत होती. तेव्हा भूकंप नव्हता, टीव्हीवाले नव्हते. कॉलेजची मुलं फिरून फिरून खुणा करत होती. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला आणि तो नकाशा तयार होता. परदेशातून हजारो लोक मदतीला आले, तरी काय कुठं आहे, कशाला काय म्हणतात, हे तिथल्याच पोरांना ठाऊक होतं.

आपल्याकडं भूकंप नसेल, पण रपटे आहेत ना. पावसाळ्यात सापन-बिच्छनला पाणी आलं, मेळघाटात वरती जोराचा पाऊस झाला, की कोणता रपटा पाण्याखाली जातो हे त्या गावच्या माणसाला झोपेत माहीत असतं. नकाशाला माहीत नसतं. नकाशा म्हणतो सरळ जा. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्ता पाण्यातून जातो याची वेगळी खूण आहे, पूर येतो याचीही आहे. आमच्याकडं दोन जण मेळघाटातून येतात, त्यांनी एका रविवारी बसून त्यांच्या बाजूचे रपटे सांगितले आणि आम्ही टाकले. १०८ ची गाडी हाच नकाशा वापरते असा माझा दावा नाही. पण नकाशावर गोष्ट असेल तर उद्या कोणीतरी वापरेल. नसेल तर वापरायचा सवालच नाही.

उपग्रहाच्या चित्रातून रस्ता दिसतो, रस्त्याचं नाव दिसत नाही. त्यासाठी चालावं लागतं. आणि चाललं की खरी गंमत सुरू होते.

आम्ही सात जण कांडलीच्या बाजूला फिरत होतो. हातात फोन, एकाच्या हातात पाटी-कागद. दहा मिनिटांत एक आजी दारात आली. "काय मोजून राह्यले बाप्पा? आमचं घर रस्त्यात जाते का?" मागून दोघं-तिघं आले. एक भाऊ चांगलाच तापला, म्हणे अतिक्रमणवाले पोट्टे पाठवतात आता. त्यांचं काय चुकलं? गल्लीत कागद घेऊन येणारा माणूस आजवर त्यांच्यासाठी काही घेऊन आलेला नाही, काहीतरी काढूनच न्यायला आलेला आहे. आमच्यातली एक मुलगी, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिनं पाटी खाली ठेवली आणि आजीच्या ओट्यावर बसली. फोनवर नकाशा दाखवला. म्हणाली, "आजी, पहा, इथं तुमची गल्लीच नाही. कोणाले पत्ता सांगता तं काय सांगता?" आजी म्हणाली, "कडुनिंबाजवळ म्हणून सांगतो. अन् कडुनिंब तं तोडला." मग पाऊण तास त्या ओट्यावर बैठक बसली. कोणत्या बोळीला कोण काय म्हणतं, यावर दोन शेजाऱ्यांचं भांडण व्हायचं बाकी होतं. मघाशी तापलेला भाऊ शेवटी आमच्यासोबत चालत पुढच्या गल्लीपर्यंत आला.

तेव्हापासून आमचे दोन नियम आहेत. कागद-पाटी न्यायची नाही, आणि आधी गल्लीतल्या एका माणसाला सोबत घ्यायचं. तिसरा नियम नकाशाचाच आहे : कोणाच्या घराला मालकाचं नाव लिहायचं नाही. शाळा, हापशी, दवाखाना, अंगणवाडी, मंदिर, मशीद, पिठाची गिरणी लिहा. अमक्याचं घर लिहू नका. परतवाडा-अचलपूर जुळी शहरं आहेत, इथं कोण कोणत्या गल्लीत राहतो याचा नकाशा बनवणं हे काम आपलं नाही. हे मी जोर देऊन सांगतो. स्वयंसेवक म्हणून उत्साहात माणूस सगळंच लिहायला जातो.

आता दुसरं काम. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

वझ्झर माहीत आहे तुम्हाला, परतवाड्याजवळच. तिथं शंकरबाबा पापळकरांचं बालगृह आहे, अनाथ आणि दिव्यांग मुलांचं. २०२४ मध्ये बाबांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तिथं वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी एमपीएससी पास झाली, बातमी सगळीकडं आली, आपण सगळ्यांनी स्टेटसला ठेवली. मीही ठेवली. पण माझ्या दुकानात एक प्रश्न उरला : न दिसणारा माणूस फॉर्म भरतो कसा? जाहिरात वाचतो कशी?

एका रविवारी तालुक्यातलाच एक दृष्टिहीन मित्र आला. स्पर्धा परीक्षा देतो. त्यानं स्वतःचा फोन काढला. टॉकबॅक चालू होतं, म्हणजे स्क्रीनवर जे आहे ते फोन बोलून सांगतो. त्याचा वेग इतका की आम्हाला एक शब्द कळेना. दोन पोट्टे हसले. तो म्हणाला, "हसा, पण तुम्ही डोळ्यानं वाचता त्याच्याहून मी फास्ट ऐकतो." आणि खरंच, बातमीचं पान आमच्या आधी संपवून त्यात काय होतं ते सांगितलं. हसणं थांबलं. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचं फुकट सॉफ्टवेअर हेच काम करतं. ऑस्ट्रेलियात मायकल करन यानं २००६ मध्ये ते सुरू केलं, जेम्स तेह त्याच्यासोबत आला, दोघंही दृष्टिहीन. मराठीही वाचतं. आवाज यंत्रासारखा आहे, पण वाचतं.

मग त्यानं एक पीडीएफ उघडली. मराठीत टाइप केलेली, साधी माहितीपत्रिका. कोणाची होती ते सांगत नाही, कारण असल्या पीडीएफ सगळीकडच्या आहेत. फोन बोलायला लागला : "एच के के जे आर…"

खोलीत शांतता. हे काय?

सांगतो. जुन्या काळी कॉम्प्युटरला देवनागरी कळत नव्हतं. म्हणून कृतिदेवसारखे फॉन्ट आले. त्यांत आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, फक्त त्यांचं चित्र मराठी दिसतं. कृतिदेवमध्ये "भारत" टाइप केलं तर पोटात साठतं एच, के, के, जे, आर. डोळ्याला भारत दिसतो, फोनला एचकेकेजेआर. युनिकोडमध्ये भ हा भ म्हणूनच साठतो, म्हणून तो वाचता येतो, शोधता येतो, व्हॉट्सॲपवर पाठवला तर बिघडत नाही. आता युनिकोड येऊन जमाना झाला. तरी आपल्याकडं टायपिंगची कामं कृतिदेव, श्रीलिपीत चालूच आहेत, कारण टाइप करणाऱ्याच्या बोटांना तीच सवय आहे आणि प्रिंट तर छानच येते. प्रिंट काढणाऱ्याला काहीच अडचण नाही. अडचण फक्त न दिसणाऱ्याला.

मी स्वतः दुकानात रोज टायपिंग करून देतो, त्यामुळे हे मला लागलं. शेवटची तारीख उद्या आहे, आणि जाहिरात एचकेकेजेआर म्हणतेय. काय करेल तो माणूस? कोणाच्या तरी दारात जाईल, वाचून दाखव म्हणेल. ज्या कामासाठी तंत्रज्ञान आलं, ते कामच पुन्हा दुसऱ्याच्या दारात.

त्या दिवसापासून आमचा एक कोपरा याच कामाचा आहे. पाच-सहा जण. कोणी अशी फाइल आणून दिली की फॉन्ट बदलणाऱ्या साधनातून काढायची, मग डोळ्यांनी तपासायची, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. "कार्यालय" चं "कायार्लय" होतं. आकडे तर दोनदा तपासायचे. तारीख चुकली तर मदत करण्यापेक्षा नुकसान जास्त. एक पान नीट करायला सरासरी वीसेक मिनिटं लागतात. कंटाळवाणं काम आहे. फोटो काढण्यासारखं त्यात काहीच नाही. म्हणूनच मला ते करणारी पोरं जास्त आवडतात. आणि तालुक्यातले दोन टायपिंगवाले भाऊ युनिकोडवर आले, इनस्क्रिप्ट शिकले. त्यांना शिकवायला तो दृष्टिहीन मित्रच बसला होता, कीबोर्ड न पाहता.

आता खुर्च्यांबद्दल बोलू.

कुठल्याही इव्हेंटमध्ये दोन प्रकारची कामं असतात. एक माइकवाली, एक झाडूवाली. तुम्ही निरीक्षण करा, माइक कोणाकडं जातो. आमच्याकडंही सुरुवातीला आपोआप तसंच व्हायला लागलं होतं : मुली रजिस्ट्रेशनच्या टेबलावर, मुलं "टेक्निकल". कोणी ठरवलं नव्हतं. एका मुलीनंच एक दिवस विचारलं, "दादा, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मी वर्षभर नावंच लिहू का?" तेव्हापासून चिठ्ठ्या टाकतो. पोहे, खुर्च्या, नावं, शिकवणं, साफसफाई, सगळं चिठ्ठीवर. ज्याच्या चिठ्ठीत पोहे निघाले त्यानं पोहे करायचे, मग तो एम.टेक. असो. एकदा मीठच नव्हतं. खाल्ले.

वेळ अकरा ते दोन का? पुण्यात मीटअप संध्याकाळी सहाला असतो, नंतर चहा, गप्पा, तिथंच खरी ओळख होते म्हणतात. इथं संध्याकाळी सहाला ठेवलं तर गावाहून येणारी एकही मुलगी येणार नाही, आणि मुलांचीही शेवटची एसटी जाते. म्हणजे मग कोण उरतं? माझ्यासारखे गावातले, बाईकवाले, पुरुष. वेळ ठरवली की कोण येणार हे ठरतं. पोस्टरवर "सर्वांचे स्वागत" लिहून काही होत नाही.

खर्च फार नाही. पोहे-चहा मिळून सहाशेच्या आसपास, डब्यात जमतात. इंटरनेट ज्याच्या फोनला रेंज असेल त्याचं. एकदा एका क्लासवाल्यांनी प्रायोजक व्हायची तयारी दाखवली. बॅनर लावू, नाश्ता देऊ, टी-शर्ट देऊ. छान. फक्त एक अट : येणाऱ्यांच्या मोबाइल नंबरची यादी द्यायची. आम्ही नाही म्हटलं. दोघं स्वयंसेवक नाराज झाले, त्यांना वाटलं मी संधी घालवली. पण बारावीच्या पोरीचा नंबर आम्ही कोणाला दिला आणि तिला रात्री नऊला ॲडमिशनचे फोन सुरू झाले, तर तिचा बाप तिला पुढच्या रविवारी पाठवेल का? २०२३ मध्ये देशात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्यातही मूळ गोष्ट हीच आहे, ज्यासाठी माहिती घेतली त्यासाठीच वापरा. आमच्या वहीत फक्त नाव आणि गाव असतं. नंबर नाही. निरोप द्यायला वाचनालयाच्या फळ्यावर लिहितो.

मोठ्या माणसांनी मोठं काहीतरी आणून द्यावं, अशी आपल्याकडं वाट पाहायची सवय आहे. परतवाड्याहून धारणीला जाताना सेमाडोह ओलांडलं की हरिसाल लागतं. २०१६ मध्ये हेच हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट एकत्र आले होते. मग २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत त्याच हरिसालचे व्हिडिओ राज ठाकरेंनी सभांमध्ये लावले, की पाहा, काही चालत नाही. सरकारकडून उत्तरं आली. टीव्हीवर दोन्ही बाजूंनी तोंडं फिरली. मला त्या भांडणात पडायचं नाही. मला वेगळंच दिसलं : त्या सगळ्या चर्चेत मशीन होतं, टॉवर होता, पुढारी होता. बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, त्या गावातल्या कोणत्या पोराला ते उघडून पाहायची मुभा आणि शिक्षण आहे, हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारला नाही. राउटर आणणं सोपं असतं बरं. राउटर बंद पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं असणं अवघड.

आणि तिथं असणं हाच आपला वांधा, हे मी मघाशी बोललो. पोरं जातात. मी कोणाला "जाऊ नको" म्हणत नाही. घरी पैसे लागतात, इथं तसल्या नोकऱ्या नाहीत. म्हणून आम्ही माणूस जाणार हे धरूनच चालतो. प्रत्येक कामाची एक वही आहे, कागदाची. नकाशात कोणती गल्ली झाली, कोणती अर्धवट आहे, फॉन्टचं साधन कुठं अडतं, वाचनालयाची चावी कोणाकडून घ्यायची, पोह्यांचं प्रमाण. जाणारा माणूस शेवटच्या दोन रविवारी नव्याला सोबत घेऊन बसतो. आणि पुण्याला गेलेले दिवाळीत येतात तेव्हा एक रविवार त्यांचा. गेल्या खेपेला एकजण तीन वर्षांनी आला, त्यानंच सुरू केलेल्या वहीत स्वतःचं अक्षर पाहून म्हणाला, "हे अजून चालू हाय काऊन?" हो रे बाबा, चालू हाय.

बाहेर राहून करण्यासारखंही आहे. फोनवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे, अँड्रॉइडवर. तुम्ही रस्त्यावर उभे असाल तिथले साधे प्रश्न विचारतं : हा रस्ता डांबरी आहे का, इथं दिवा लागतो का, या दुकानाची वेळ काय. उत्तर दिलं की थेट नकाशात. गावी आलात की जयस्तंभ चौकात मित्राची वाट पाहत उभे राहता ना, तेवढ्यात चार प्रश्न होतात.

दुसरं, आवाज. मोझिलानं २०१७ मध्ये कॉमन व्हॉइस सुरू केलं. स्क्रीनवर वाक्य येतं, तुम्ही मोठ्यानं वाचता, दुसरे लोक ऐकून बरोबर-चूक ठरवतात, आणि तो आवाज सगळ्यांसाठी खुला होतो, बोलणं ओळखणारी यंत्रं शिकवायला. मराठी आहे त्यात. पण मराठी म्हणजे कोणाची मराठी? माझ्या आईनं फोनला विचारलं, "आज पाणी येते का वं?" फोननं तिला भलतंच काहीतरी दाखवलं. वाक्य प्रमाण मराठीतलं असलं तरी वाचणारा गळा वऱ्हाडी असू द्या. ज्यांचे आवाज त्यात असतील त्यांचंच यंत्राला कळणार. मागच्या वेळी आम्ही आयांना बोलावलं होतं. पाच जणी आल्या. चष्मे विसरल्या होत्या तिघी, त्यांना अक्षर मोठं करून दिलं. एकीनं वाचता वाचता वाक्यच दुरुस्त केलं, म्हणे असं कोणी बोलते का? ते रेकॉर्डिंग बाद झालं असणार, पण मुद्दा बरोबर होता.

आणि कोरकू? आपल्या फोनच्या भाषांच्या यादीत मराठी सापडते, कोरकू शोधून पाहा. मेळघाटातून येणारे ते दोघं, ज्यांनी रपटे सांगितले, त्यांची घरची भाषा कोरकू. मराठीची ती बोली नाही, मुंडा कुळातली वेगळीच भाषा आहे, संथाली-मुंडारीच्या नात्यातली. त्यांनी विचारलं, आमच्या पाड्यांची नावं नकाशावर कशी लिहायची, सरकारी कागदावर आहे तशी का आम्ही म्हणतो तशी? ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एका जागेला वेगवेगळ्या भाषांतली नावं देता येतात, त्यामुळे दोन्ही लिहिता येतील. पण कोरकू नाव देवनागरीत नेमकं कसं लिहायचं यावर त्या दोघांचंच एकमत होईना. एक म्हणतो असं, दुसरा म्हणतो आमच्याकडं तसं. शेवटी त्यांनी ठरवलं की दोघांनीही गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून, फोनवर रेकॉर्ड करून आणायचं. अजून आणलेलं नाही. पेरणीचे दिवस होते, मग पाऊस.

तर येत्या शेवटच्या रविवारी ते आलं तर ते ऐकायचंय. नाही आलं तर फॉन्टच्या कोपऱ्यात अकरा पानं पडून आहेत. आणि एक अडचण आहे, ऐकणाऱ्यांपैकी कोणी सोडवू शकत असेल तर सांगा : चावी ज्यांच्याकडं असते ते काका महिनाभर लेकीकडं नागपूरला चाललेत. चावी घेऊन साडेदहाला दार उघडेल आणि दोनला झाडून बंद करेल असा माणूस पाहिजे. कोडिंग आलं नाही तरी चालते.